गोबर गॅस असा बांधा की मिथेन हवेत सुटणार नाही

गळका गोबर गॅस बांधण्यापेक्षा तो न बांधलेलाच बरा. हे ऐकून अनेक जण नाराज होतात, कारण गोबर गॅस म्हणजे पर्यावरणाचं भलं हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. पण हिशेब पाहा. शेण उकिरड्यावर पडलं तर त्याला थोडीफार हवा लागते, त्यामुळे त्यातून मिथेन कमी निघतो. तेच शेण पाण्यात कालवून बंद टाकीत कोंडलं, की आपण मुद्दाम मिथेन तयार करत असतो. गोबर गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेनच असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ करतो, वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. औद्योगिक काळापासून पृथ्वी जेवढी तापली, त्यात जवळपास अर्धा अंश सेल्सिअस वाटा एकट्या मिथेनचा आहे.

हाच वायू शेगडीत जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो मुळात वैरणीने हवेतूनच घेतलेला असतो. शिवाय सरपण वाचतं, चुलीचा धूर जातो. म्हणजे फायदा आहे, पण तो सगळा वायू जळण्यावर अवलंबून आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. २०१९च्या पशुगणनेनुसार आपल्या देशात ३० कोटींहून अधिक गाई-म्हशी आहेत. त्यांच्यामुळे होणाऱ्या मिथेनचा मोठा भाग रवंथ करताना ढेकरांतून बाहेर पडतो, आणि गोबर गॅसने त्यात काही फरक पडत नाही. आपल्या हातात आहे तो शेणाचा लहान भाग.

आकार ठरवणं

गोठ्यातलं रोजचं शेण आठवडाभर वजन करून बघा. बांधून ठेवलेल्या मोठ्या जनावरामागे साधारण १० किलो धरतात. चरायला जाणाऱ्याचं निम्मं शेण रानातच पडतं. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. "अनुदान जास्त मिळतंय तर मोठंच घ्या" हा सल्ला मी फार ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे. मोठ्या टाकीला शेण पुरलं नाही तर ती अर्धवट चालते. शेण पुरलं पण गॅस वापरायला माणसं नसली तर उरलेला गॅस आउटलेटमधून, म्हणजे शेणकाला बाहेर पडायच्या तोंडातून, बुडबुडे होऊन निघून जातो. चुलीवर जेवढं शिजतं तेवढ्याच मापाचं संयंत्र घ्या. अनुदानाची चौकशी पंचायत समितीत बांधकामाच्या आधी करा.

जागा आणि बांधकाम

गोठ्याजवळ, उन्हात, विहिरीपासून आणि मोठ्या झाडांच्या मुळांपासून लांब. विटांचं, जमिनीखालचं, वर गॅस साठवणारा घुमट असलेलं दीनबंधू मॉडेल धरून मी लिहितो आहे. ते अनुभवी गवंड्याकडूनच बांधून घ्या. घर चांगलं बांधणाऱ्या गवंड्याला घुमट जमेलच असं नाही.

घुमटाची हवाबंदी

बहुतेक संयंत्रं इथेच बिघडतात, आणि मीही सर्वात जास्त इथेच अडखळलो. गवंडी सांगतो, "गिलावा मस्त झालाय, उद्या शेण टाका." टाकू नका. पाणी न गळणारा गिलावा वायूही अडवेलच असं नसतं. आतून पातळ थर एकावर एक, प्रत्येक थर घोटून, शेवटी सिमेंटचा पातळ हात आणि वर हवाबंद रंग, एवढं झालंच पाहिजे. दहा-बारा दिवस गिलाव्यावर पाणी मारत राहा. घाईत वाळलेल्या गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण वायू त्यांतून जातो.

मग चाचणी. तिचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. आधी बाजूने आणि घुमटावर माती भरून दाबून घ्या. विटांचा घुमट वरच्या वजनावर टिकतो, उघड्या घुमटाला आतून दाब दिला तर तो तडकू शकतो. गॅस पाइपाचं तोंड आणि तिथला जोड मात्र उघडा ठेवा.

पहिली चाचणी गॅसचा कॉक उघडा ठेवून. इनलेट (शेण आत टाकायची वाट) आणि आउटलेट यांची आतली तोंडं बुडतील इतकं साधं पाणी भरा. नव्या भिंती पहिल्या दिवशी पाणी पितात, म्हणून दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा पूर्ण करा आणि मगच खूण करा. पुढच्या २४ तासांत पातळी उतरली तर टाकीची भिंत किंवा तळ गळतो आहे.

दुसरी चाचणी कॉक बंद करून. एका फळीवर पारदर्शक नळी यू आकारात बसवा, तिच्यात रंगीत पाणी घाला आणि एक टोक गॅस पाइपाला जोडा. आता टाकीत आणखी पाणी ओतलं की घुमटात अडकलेली हवा दाबली जाते आणि नळीतल्या दोन पातळ्यांमध्ये अंतर पडतं. ते अंतर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बघा. सकाळचं माप दुपारच्या मापाशी ताडू नका, उन्हाने हवा फुगते आणि गळका घुमटही चांगला वाटतो. अंतर ठळक कमी झालं असेल तर वायू निसटतो आहे. आधी पाइपाच्या तोंडाशी आणि जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. तिथे काही नसेल तर घुमट गळतो आहे. पाणी उपसा, आत पुन्हा हात मारून घ्या, पाणी मारा आणि चाचणी पहिल्यापासून करा.

दोन्ही चाचण्या एकदम केल्या तर दाब पाण्याच्या गळतीने उतरला की हवेच्या, हे कळत नाही. मग लोक घुमट सोडून भिंतच लिंपत बसतात.

आणि हे कळकळीने सांगतो: एकदा शेण आत गेलं की टाकीत कोणीही उतरायचं नाही. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. दुरुस्ती जी करायची ती शेण टाकण्याआधी.

पहिली भरणी

२ घनमीटरला सुमारे दोन टन शेण लागतं, तेव्हा शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवा, काड्या-खडे काढा. शक्य असेल तर चालू संयंत्रातली स्लरी (आत कुजलेला पातळ शेणकाला) विरजण म्हणून टाका, दिवस वाचतात. भरल्यावर गॅस धरेपर्यंत रोजचं शेण टाकू नका. घाईने भरलं की टाकी आंबते. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो जळत नाही, आणि हवेत मिसळलेला मिथेन स्फोटक असतो. म्हणून एकदा-दोनदा तो उघड्यावर सोडून द्यावा लागतो. त्या वेळी जवळ विडी-काडी नको. पेटतो का हे घरातल्या शेगडीवरच बघा, टाकीजवळच्या पाइपाला काडी कधीही लावू नका.

रोजचं काम

शेणकाला टाका, पाइपलाइनमधलं पाणी जिथे साठतं त्या सापळ्यातलं पाणी काढा, ज्योत निळी आहे ना बघा. गोठा धुतलेलं फिनाइलचं किंवा साबणाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, गॅस करणारे जिवाणू मरतात. थंडीत गॅस कमी येतो. शेण उन्हात तापलेल्या पाण्यात कालवून दुपारी टाकलं तर थोडा फरक पडतो. शेगडी बायोगॅससाठी बनवलेलीच घ्या.

स्लरी आणि उरलेला गॅस

बाहेर पडलेल्या ताज्या स्लरीतूनही काही काळ मिथेन निघतो. ती खोल खड्ड्यात साचवणं वाईट. पालापाचोळा, उसाचं पाचट अशा कोरड्या कचऱ्यात मिसळून खत करा किंवा पातळ थरात शेतात द्या.

लग्नकार्याला, वारीला घर बंद होणार असेल तर पाच-सहा दिवस आधीपासून शेण कमी करा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी साठलेला गॅस पाणी तापवून संपवा. मागे राहणाऱ्या गड्याला रोज शेण टाकायला सांगून जाऊ नका. तेवढे दिवस ते शेण उकिरड्यावरच जाऊ द्या.