अठ्ठाविसावा दिवस चुकलेलं पिल्लू बाजारात नेऊ नका

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात घरोघरी गिरिराज, स्वर्णधारा, कावेरी या जातींच्या कोंबड्यांची एक दिवसाची पिल्लं येतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, तोवर कोंबडा हाताशी यावा हा हिशेब. हिशेब बरोबरच आहे. घात होतो तो संक्रांतीच्या आसपास, आणि दरवर्षी एकाच ठिकाणी होतो. लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचा, अठ्ठाविसाव्या दिवशीचा दुसरा डोस राहतो आणि पिल्लू विकलं जातं.

१८ डिसेंबरला पिल्लू आलं, तो पहिला दिवस धरा. अठ्ठाविसावा दिवस १४ जानेवारीला येतो. घरात तीळ भाजायचे असतात, पोळ्या असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. त्यातच खाद्याचं पोतं तळाला गेलेलं असतं. मग चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशीच बुट्टी भरून बाजार गाठला जातो. सातव्या दिवशी दिलेल्या पहिल्या डोसाची ताकद तोवर उतरणीला लागलेली असते. मानमोडी अंगात शिरल्यापासून लक्षण दिसायला बहुतेक वेळा ५-६ दिवस लागतात, कधी २, तर कधी १५. म्हणजे बाजारात पिल्लू टुणटुणीत असतं आणि गिऱ्हाइकाच्या परसात जाऊन मरतं.

गेल्या वर्षी नंदगडच्या बाजूला एका घरी मी बसलो होतो. त्या वैनींनी चोविसाव्या दिवशी बावीस पिल्लं विकली होती. विकल्यापासून नवव्या दिवशी गिऱ्हाईक परत आलं. त्यानं पिशवीतून एक पिल्लू काढून कट्ट्यावर ठेवलं. मान पाठीकडं वळलेली, बुडाला हिरवट-पांढरी हगवण चिकटलेली, एक पंख गळालेला. तो भांडला नाही, पैसेही मागितले नाहीत. "वैनी, सगळी गेली ओ," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्या गल्लीतून पुन्हा कुणी त्यांच्याकडं आलं नाही. घरी उरलेल्या पिल्लांना त्यांनी वेळेवर लस दिली होती, ती सगळी वाचली. विकलेलीच तेवढी लसीवाचून राहिली होती.

गावातलं गिऱ्हाईक बिचकतं ते उगीच नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो या अफवेवर दर एवढे कोसळले की आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. ती भीती विरली, पण बाजारातून नेलेलं पिल्लू जगत नाही ही समजूत पक्की आहे. कन्नडमध्ये पिल्लाला मरी म्हणतात. बाजारात बाई विचारते, "मरी एष्ट री?" पिल्लू कितीला? आणि दर सांगितला की लगेच दुसरा प्रश्न, "उळीतावेन री?" जगतात का? आपल्या मराठीत मरी म्हणजे साथ. तो शब्द ऐकला की मला दर वेळी तो कट्टा आठवतो. तिच्या दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नसेल, तर दर पाडून उपयोग नाही.

पिल्लं येण्याआधी आणि पहिल्या आठवड्यात:
– भाताचं तूस २-३ इंच, त्यावर पहिले ३-४ दिवस कागद
– पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं, दीड फूट उंच, कोपरा नको
– पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट ऊब, मग दर आठवड्याला ५ अंश कमी
– पिल्लामागे साधारण २ वॅट. १०० पिल्लांना २०० वॅटचे बल्ब
– वीज गेली तर शेगडी तयार, धूर बाहेर जायला वाट
– मरेक्स (पाय लुळे पाडणारा विषाणूरोग) ची लस हॅचरीत दिली का, हे पिल्लं घेतानाच विचारणं

पहाटे तीनला एकदा उठून कान द्या. पिल्लं बारीक किलबिलत पसरून झोपलेली असली तर ठीक. ढीग करून चिरकत असली की ऊब कमी आहे. मला थर्मामीटरपेक्षा या आवाजाचा भरवसा जास्त वाटतो.

लसी:
– ५-७ वा दिवस: लासोटा किंवा एफ (दोन्ही मानमोडीच्याच लसी), डोळ्यात एक थेंब
– १४ वा दिवस: गंबोरो (पिल्लांच्या दुसऱ्या एका विषाणूरोगाची लस)
– २८ वा दिवस: लासोटा, पाण्यातून
– ६ वा आठवडा: देवी, पंखाच्या पडद्यात
– ८ वा आठवडा: आर-टू-बी (मानमोडीचीच, मोठ्या पिल्लांची लस), अर्धा मिलि, पंखाखाली कातडीत

यातली तिसरी ओळ भिंतीवर कोळशानं लिहा. हा डोस राहण्याचं कारण बहुतेकांचं एकच असतं, "चाळीस पिल्लांसाठी शंभर डोसांची बाटली कोण फोडणार?" म्हणून पिल्लं आणतानाच शेजारची तीन-चार घरं एका तारखेला बांधा. बाटली पूर्ण वापरली, तर एका पिल्लामागे अर्ध्या कप चहाइतकाही खर्च पडत नाही.

द्यायची रीत अशी. आदल्या दिवशी भांडी नुसत्या पाण्यानं घासा, साबण नको. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, त्यानं लस मरते. विहिरीचं पाणी घ्या. सकाळी तास-दोन तास पिल्लांचं पाणी काढून घ्या, म्हणजे ती तहानलेली राहतील. १०० पिल्लांना साधारण २ लिटर पाणी घ्या, त्यात लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा आणि मग लस घाला. दीड-दोन तासांत ते संपलं पाहिजे. उरलं तर ओतून टाका, संध्याकाळसाठी ठेवू नका. दवाखान्यातून लस बर्फातच आणा. खिशात घालून मोटारसायकलवर आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. त्या दिवशी जी पिल्लं मलूल आहेत त्यांना लस देऊ नका, त्यांना वेगळी काढा.

आणि त्याच दिवशी विकायला काढू नका. अंगात ताकद यायला आठवडा द्या, पस्तिसाव्या दिवशी, म्हणजे २१ जानेवारीला, बुट्टी भरा. त्या आठवड्याचं खाद्य पिल्लामागे पाव किलोभर जास्त लागेल. ते दरात धरा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा.

दुकानदार तुम्हाला दुसरंच विकेल. लिव्हर टॉनिक, तुरटीसारखी कसली तरी पावडर, अँटिबायोटिकची पुडी. "हे पाजा, मानमोडी येत नाही." मानमोडी विषाणूची आहे, अँटिबायोटिक तिला शिवतसुद्धा नाही, आणि लागण झाल्यावर कुठलंच औषध नाही. एकेका घरानं अशा बाटल्यांवर खाद्याच्या अर्ध्या पोत्याचे पैसे घातलेले मी पाहिलेत, आणि त्याच घरात लस राहिलेली. पिल्लं आल्या आल्या पाण्यात थोडा गूळ पुरतो. लसूण-हळद घालायची असेल तर घाला, मीही घालतो, पिल्लं तरतरीत वाटतात. पण ती लसीच्या जागी नाही.

आता विक्री. पाचव्या आठवड्यात तुरा लाल दिसायला लागतो, नर कुठला याचा अंदाज येतो. दोन कोंबडे आणि आठ तलंगा (कोवळ्या माद्या) अशी दहाची जोडणी करून द्या. एकट्या पिल्लापेक्षा लवकर खपते. तलंगच निघेल अशी शपथ मात्र घेऊ नका. गिरिराज अंडी देते, पण उबवायला खुडूक बसत नाही. हे आधीच सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी तोंड लपवावं लागतं. बाईला पिल्लू हातात घेऊ द्या. ती बूड बघेल, डोळे बघेल, पंख उघडून बघेल. बघू दे. माझ्या अनुभवानं तांबडी आणि काळी पिल्लं आधी जातात, पांढरी मागं राहतात, कारण पांढरी म्हणजे फार्मची असं लोक धरून चालतात. पिल्लं शक्यतो संध्याकाळी द्या. पहिली रात्र अंधारात गेली की नवीन जागी बिचकत नाहीत.

गिऱ्हाईक घरी आलं तर खुराड्यात शिरू देऊ नका, त्याच्या चपलेबरोबर त्याच्या घरचा रोग येतो. पिल्लं बुट्टीत घालून बाहेर आणून दाखवा. बाजारातून न खपता परत आलेली पिल्लं घरच्या कळपात सोडू नका. पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात, वेगळ्या भांड्यात ठेवा.

प्रत्येक दहाच्या जोडणीबरोबर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्या. वर "लस दिली आहे", खाली कन्नडमध्ये "लसिके हाकिदे", आणि तारखा: २४ डिसेंबर, ३१ डिसेंबर, १४ जानेवारी. देवी २२ ते २८ जानेवारीच्या दरम्यान कुठं टोचायची ते लिहा. शेवटच्या ओळीत ११ फेब्रुवारी, आर-टू-बी, आणि जवळच्या गुरांच्या दवाखान्याचं गाव. ती लस गिऱ्हाइकाला स्वतः द्यायची आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मानमोडी जोर धरते तेव्हा तीच उपयोगी पडते. तुमचा फोन नंबर पुठ्ठ्यामागं घाला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुम्हीच एकदा फोन करून पिल्लं कशी आहेत ते विचारा आणि लसीची तारीख जवळ आल्याचं सांगा.