राखेऐवजी पाचोळा: इंगाच्या ओळींत मका घेताना या चुका टाळा

वर्षावनात जंगल तोडून, जाळून केलेली शेती पहिल्या हंगामात भरभरून देते. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळतं, जमिनीची आम्लता उतरते, तणाचं बी आगीत मरतं. दोन-तीन पिकं झाली की जमिनीचा कस उतरतो, तण माजतं आणि शेतकरी जंगलाचा पुढचा तुकडा तोडायला निघतो. म्हणजे आग दोन कामं करते, खताचं आणि निंदणीचं. पर्याय शोधणारे बहुतेक जण फक्त खताचा विचार करतात आणि तणापुढे हरतात.

एक पर्याय म्हणजे झाडांच्या ओळी लावायच्या, त्या छाटून पाला जमिनीवर पसरायचा आणि ओळींच्या मधल्या पट्ट्यात मका घ्यायचा. पण त्यासाठी झाड निवडताना हीच चूक होते. गिरिपुष्पाचा पाला नत्र देतो, पण लवकर कुजून जातो आणि जमीन पुन्हा उघडी पडते. परिसंस्थांचे अभ्यासक माइक हँड्स यांनी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका आणि होंडुरासमध्ये केलेल्या कामातून इंगा पुढे आला तो यामुळेच. हे शेंगवर्गीय झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं, आम्ल जमिनीत तगणारं. पानं जाड, सावकाश कुजणारी.

इंगाचं बी साठवू नका. ते वाळलं की मरतं. कित्येकदा शेंगेतच मोड येतात. शेंग फोडल्यावर लगेच पेरायचं.

सगळ्यात महागात पडते ती घाई. साधारण चार मीटरवर ओळी आणि ओळीत अर्ध्या मीटरवर रोपं लावली, तर फांद्या एकमेकींना भिडायला दीड-दोन वर्षं लागतात. त्या गर्द सावलीतच तण मरतं. सावली पूर्ण होण्याआधी छाटणी केली, तर निंदणी गळ्यात पडलीच म्हणून समजा. कुठे मर झाली असेल तर ती जागा आधी भरा.

छाटणी छातीच्या उंचीवर करा, पण झाड बोडकं करू नका. एखादी पानांची फांदी राहू दे. जाड फांद्या सरपणाला खुशाल न्या. पाला मात्र तिथेच राहायला हवा, कारण राखेची जागा त्यालाच घ्यायची आहे. त्यावर नांगर फिरवू नका, काठीने भोक पाडून मका टोकून लावा.

कोवळ्या मक्याची पानं जांभळट दिसली तर बहुधा स्फुरद कमी पडतंय. इंगा हवेतला नत्र जमिनीत आणतो, स्फुरद हवेतून येत नाही. अशा आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) हळूहळू विरघळतं, ते आच्छादनाखाली द्या.

आणि सगळी जमीन एकदम इंगाखाली घालू नका. ती दोन वर्षं त्या तुकड्यातून धान्य येत नाही, घर मात्र रोज जेवतं. माझ्या मते चांगली पद्धत सोडून देण्यामागे हेच मोठं कारण असतं. लहान तुकड्यापासून सुरुवात करा आणि पहिली कापणी घरात आल्यावरच ओळी वाढवा.