गाडीचं काम स्वतः शिकताय? या चुका टाळा

गाडीवेड्या माणसाला कुठल्या इंजिनाची किती ताकद, टर्बोचे प्रकार किती, कुठलं मॉडेल कधी बंद झालं, हे सगळं तोंडपाठ असतं. पण चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला, तर दोष बॅटरीचा, अर्थिंगचा की सेल्फचा (स्टार्टर मोटरचा), हे छातीठोकपणे सांगणारे त्यात मोजकेच. शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: मोजण्याआधी खोलायची घाई. काही चुकांत फक्त पैसे आणि वेळ जातो, काहींत इंजिन जातं, आणि एकदोन तर थेट जिवावर बेततात.

## कोड आला की पार्ट बदलला

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) हाती आल्यावर पहिली चूक हमखास हीच होते. समजा, स्कॅनरवर पी०१७१ आला. अर्थ एवढाच की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हे ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलवरून कळतं, म्हणून शिकाऊ माणूस ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकतो. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरं कारण बहुधा फाटलेली व्हॅक्यूम नळी, इनटेक मॅनिफोल्डचं गेलेलं गास्केट, मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) किंवा कमी पडणारा फ्युएल प्रेशर यांपैकी असतं.

यातलं कुठलं, ते पाना न उचलता शोधता येतं. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, तो आकडा) बघा आणि दोन्हींची बेरीज करा. धडधाकट गरम इंजिनात ही बेरीज शून्याच्या आसपास, साधारण ५ ते १० टक्क्यांच्या आत राहते. आता आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) +२० आहे आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरल्यावर +५ पर्यंत उतरते, तर बाहेरची हवा कुठूनतरी आत ओढली जातेय. आयडलला इंजिन मुळातच कमी हवा घेतं, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा दिसतो. आरपीएम वाढले की तीच गळती एकूण हवेत किरकोळ ठरते. चित्र उलटं असेल, म्हणजे आयडलला सगळं ठीक आणि लोड आल्यावर आकडा चढत जात असेल, तर संशय फ्युएल पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरवर घ्यायचा. हे गणित एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांचं आहे. फक्त मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला प्रेशर मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत बाहेरून आलेली हवाही मॅनिफोल्डच्या प्रेशरमध्ये मोजली जाते, तिथे पातळ मिश्रणाऐवजी चढलेलं आयडल दिसण्याची शक्यता जास्त.

आणखी एक खोड म्हणजे कोड दिसला की लगेच पुसणं. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष आला त्या क्षणी आरपीएम किती होते, कूलंट किती गरम होतं, लोड किती होता, हे त्यात नोंदलेलं असतं. आधी ते लिहून घ्या, मग काय पुसायचं ते पुसा.

मिसिंगचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा) कोड तर शिकायला उत्तम, कारण त्यात अदलाबदल करून पुरावा मिळतो. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत गेला, कॉइल खराब. पी०३०२ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग हीच अदलाबदल प्लगची, त्यानंतर इंजेक्टरची, आणि तरीही दोष दोन नंबरलाच चिकटला असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कॉइल, प्लग आणि इंजेक्टर एकदम बदलले तर गाडी सुधारेलही, पण शिकायला काहीच मिळत नाही.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा मिसिंग इतकं जोरात असतं की न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. अशा वेळी टेस्ट ड्राइव्ह लांबवू नका.

## मल्टीमीटर आहे, पण फक्त ओहम मोजायला

सुरुवातीच्या ‘टक्’ आवाजाकडे येऊ. आधी बॅटरी. गाडी काही तास उभी असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२.४ पेक्षा कमी असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं मोजलेलं सगळं फसवं निघेल. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीवरचा आकडा बघा. ९.६ च्या खाली कोसळला तर आधी बॅटरीवर संशय घ्या. आकडा १२ च्या आसपास राहिला आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर करंट वाटेत अडतोय किंवा सेल्फ गेलाय.

इथे बहुतेक जण केबल काढून तिचा रेझिस्टन्स मोजतात आणि फसतात. मीटर ओहम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. आतून गंजून दोनचार तारा उरलेली केबलही त्याला जवळजवळ शून्य ओहम दाखवते. सेल्फला मात्र शंभराहून जास्त अँपिअर लागतात आणि तेवढा करंट त्या दोनचार तारांतून जात नाही. म्हणून व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट हरवतात ते) मोजायचा, तोही करंट वाहत असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (क्लॅम्पवर नको, खांबावरच), लाल प्रोब सेल्फच्या धातूच्या बॉडीवर. सेल्फ मारताना आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. ०.५ किंवा जास्त आला तर अर्थिंगच्या वाटेत गंज, रंग किंवा सैल बोल्ट आहे. मग एक प्रोब तसाच ठेवून दुसरा एकेक सांधा मागे आणत जा. ज्या सांध्यावर आकडा एकदम पडतो, तोच गुन्हेगार. हीच पद्धत पॉझिटिव्ह बाजूला, मंद हेडलाइटला आणि रडणाऱ्या फ्युएल पंपालाही लागू पडते. मल्टीमीटरचं एकच काम नीट शिकायचं असेल तर हे शिका.

मीटर जळण्याचं नेहमीचं कारणही सांगून ठेवतो. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहते आणि त्याच अवस्थेत बॅटरीचे व्होल्ट मोजले जातात. तो सरळ शॉर्ट सर्किट असतो. नशीब चांगलं असेल तर फक्त मीटरचा फ्यूज जातो. उभ्या गाडीत बॅटरी कोण खातंय हे शोधताना मीटर सिरीजमध्ये लावावा लागतो, त्या वेळी सेल्फ मारू नका, तेवढा करंट मीटरला झेपत नाही. शिवाय गाडी लॉक केल्यावर सगळे मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. अर्धा तास थांबून मग आकडा घ्या. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सहसा काळजी नाही.

## ‘हाताला कळतं’ म्हणून कसलेले बोल्ट

नवख्याच्या हाताला कळत नाही. तो छोटे बोल्ट जास्त आवळतो आणि मोठे कमी. ॲल्युमिनियमच्या संपमधला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतला) ड्रेन प्लग बऱ्याच गाड्यांत २५ ते ४० न्यूटन मीटर टॉर्कवर, म्हणजे पिळाच्या जोरावर, कसायचा असतो, आणि लांब दांड्याने नकळत त्याच्या दुप्पट जोर लागतो. मग पुढच्या ऑइल बदलाला आटे प्लगसोबत बाहेर येतात.

टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की ‘क्लिक’ करणारा पाना) घेतली तरी चुका संपत नाहीत. २० ते २०० च्या रेंचने १० न्यूटन मीटरचा व्हॉल्व्ह कव्हरचा बोल्ट कसायला गेलात तर क्लिक येण्याआधी बोल्टच तुटेल. क्लिकवाल्या रेंचची अचूकता तिच्या कमाल मर्यादेच्या साधारण २० टक्क्यांपासून पुढे भरवशाची असते, त्यामुळे छोटी आणि मोठी अशा दोन रेंच लागतातच. क्लिक एकदा आला की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओढणं म्हणजे जास्त कसणं. सैल करायला ती वापरू नका, आणि ठेवताना सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. इम्पॅक्ट गनने चाकाचे नट आधीच आवळून वर टॉर्क रेंचचा क्लिक ऐकवणं हा निव्वळ देखावा आहे.

मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लागलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ‘अमुक न्यूटन मीटर, मग ९० अंश’ असं लिहिलेलं असेल, तर तिथे बहुधा ताणले जाणारे बोल्ट असतात, जसे की हेडचे. मॅन्युअलने नवे वापरा म्हटलं असेल तर जुने परत घालू नका, दिसायला कितीही चांगले असोत.

आटे वाचवायची एक सोपी सवय: प्लग असो वा बोल्ट, तो बोटांनीच चढवा, आणि आधी उलटा फिरवा. एका जागी हलकासा ‘टक’ होऊन तो किंचित खाली बसतो. तिथून सुलटा फिरवायला लागा. दोनतीन फेरे बोटांनी सहज गेले तरच पाना लावा. स्पार्क प्लग थंड इंजिनातच काढा-घाला.

जाम बोल्टला बारा कोनी गोटी (सॉकेट) लावली की डोकं गोल होतं. सहा कोनी लावा, पेनिट्रेटिंग ऑइल मारून पुरेसा वेळ मुरू द्या, आणि सोडवण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने झटका द्या. गंजाची पकड सुटते.

## जॅकवर उभ्या गाडीखाली जाणं

यात तडजोड नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी स्टँड. सपाट, टणक जमीन. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच स्टँड. खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

याच यादीत आणखी तीन गोष्टी: एअरबॅगची पिवळी वायरिंग, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबल, आणि स्ट्रटमधली (सस्पेन्शनच्या खांबातली) दाबलेली स्प्रिंग. या तिन्हींचं काम व्हिडिओ बघून शिकायचं नसतं.

## रंग बघून कूलंट, अंदाजाने ब्रेक ऑइल

कूलंटचा रंग म्हणजे कंपनीने टाकलेला डाय. त्यावरून आतलं रसायन कळत नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर गंजरोधकाचं आयुष्य घटतं, कधी गाळ धरतो. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळवा आणि कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवा, बहुतेक ठिकाणी निम्मंनिम्मं. भरून झाल्यावर तापमानाचा काटा चढतोय पण हीटर थंड हवा फेकतोय, तर आत हवा अडकली आहे. गाडी थंड होऊ द्या आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने हवा काढा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका.

ब्रेक ऑइलमध्ये डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच ग्लायकॉल कुळातली, पण डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि हवेतलं पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणून उघडून ठेवलेला डबा परत वापरू नका. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल गेलं तर रबरी सील फुगतात आणि काम टाकी धुण्यावर भागत नाही.

पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला टांगा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल तळाला जातं, आणि ते भिंतीसमोर कळणं बरं नव्हे.

ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं का, ते बोट फिरवून तपासा. दोन रबरं एकावर एक बसली की प्रेशर येताच सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं.

## मूळ गाडी ठीक नसताना मॉडिफिकेशन

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला की आवाज वाढतो, आणि इंजिन गरम हवा ओढायला लागतं. ऑइल लावायच्या फिल्टरला ऑइल जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. लोअरिंग स्प्रिंग घातल्या आणि अलाइनमेंट केलं नाही, तर टायर आतल्या बाजूने संपतात. बुश, बॉल जॉइंट आणि टायर ठणठणीत असल्याशिवाय सस्पेन्शन बदलण्यात अर्थ नाही. नाहीतर आधी काय बिघडलं होतं आणि नंतर काय बदललं, हे वेगळं करताच येणार नाही.

## बिघडल्यावरच आकडे बघणं

बिघडलेली गाडी ओळखायची तर चांगली गाडी कशी वाचते हे आधी माहीत हवं. गाडी उत्तम चालत असताना गरम इंजिनावर एकदा हे लिहून ठेवा: आयडलचे आरपीएम, दोन्ही फ्युएल ट्रिम, मॅप सेन्सरचा प्रेशर (आयडलला साधारण ३० ते ४० किलोपास्कल), कूलंटचं तापमान, इंजिन चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट (बहुधा १३.८ ते १४.५). नवीन गाड्यांत अल्टरनेटरवर ईसीयूचा ताबा असतो, तिथे हा आकडा खालीवर होतो. तोही दोष समजू नका. टॉर्कचे आकडे व्हिडिओतून उचलण्याऐवजी आपल्या इंजिन कोडच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून उतरवा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन वेगळी इंजिनं सर्रास असतात.

काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि खाली गळती बघा. बॅटरी काढून जोडली असेल तर आयडल थोडा वेळ वरखाली होऊ शकतं, कारण ईसीयू शिकलेलं विसरलेला असतो. नवा दोष समजून लगेच थ्रॉटल बॉडी खोलू नका. आधी गाडी नीट गरम करून थोडी चालवा, आणि मॅन्युअलमध्ये आयडल शिकवायची पद्धत दिली असेल तर ती करा.