1995 चं अमेरिकन ‘रणभूमी’ सोन्याचं नाणं घरात आहे? तपासायचं, जपायचं आणि विकायचं कसं

अमेरिकेत कोणीच नाही असं घर आता ठाण्यात शोधावं लागेल. त्यामुळे तिकडची नाणी इकडच्या लॉकरमध्ये येऊन पडलेली असतात. त्यातलं एक मोलाचं नाणं म्हणजे 1995 साली निघालेलं पाच डॉलरचं सोन्याचं स्मरणनाणं. हे हाती आलं की घरचे जांभळी नाक्यावर किंवा वाशीला सराफाकडे जातात, काट्यावर ठेवतात आणि त्या दिवसाच्या भावाने मोडून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी ते ओळखा.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. एकट्या गेटिसबर्गची लढाई 1 ते 3 जुलै 1863 अशी तीन दिवस चालली. पुढे शहरं वाढली आणि त्या रणभूमींवर घरं, रस्ते, दुकानं चढू लागली. उरलेली जमीन वाचवायला पैसा उभा करावा म्हणून 1992 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि 1995 मध्ये तीन नाणी निघाली: अर्धा डॉलर, चांदीचा डॉलर आणि सोन्याचे पाच डॉलर. सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे 35 डॉलर अधिभार होता, तो रणभूमी जतनासाठी. ही कल्पना ठाणेकराला तरी पटायला हवी. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे आणि त्याच्या तटाजवळून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना ते ठाऊक नसतं.

पहिली पायरी: हात आवरा. नाणं गोल प्लास्टिक कॅप्सूलमध्ये असेल तर उघडू नका. सुटं असेल तर टेबलावर मऊ सुती कापड पसरा आणि नाणं फक्त कडेने धरा. बोटाचा ठसा आरशासारख्या पृष्ठभागावर कायमचा राहू शकतो. डबी, प्रमाणपत्र, जुनं बिल, जे काही सोबत असेल ते एकत्र ठेवा.

दुसरी पायरी: नीट बघा. दर्शनी बाजूवर घोड्यावर बसलेला, बिगुल वाजवणारा सैनिक दिसतो. हे चित्र डॉन ट्रोयानी यांचं, यादवी युद्धाच्या चित्रांसाठीच ते ओळखले जातात. मागे गरुड आहे आणि ‘आपण रक्षण करू, जतन करू’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीची फीत. ‘डब्ल्यू’ हे छोटं अक्षर भिंगाखाली शोधा, ती वेस्ट पॉइंट टांकसाळीची खूण. कडेला बारीक उभ्या रेघा हव्यात. आणखी एक सोपी खूण: नाणं वरून खाली उलटवलं तर मागची बाजू सुलट दिसते. आपली हल्लीची नाणी आडवी उलटवली की सुलट दिसतात, हे तसं नाही.

मग प्रकार ठरवा. पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र धुरकट पांढरट असेल तर ते ‘प्रूफ’. सगळीकडे सारखीच चकाकी असेल तर ‘अनसर्क्युलेटेड’. प्रूफ 55,246 निघाली, दुसरी फक्त 12,735. त्यामुळे दिसायला साधं वाटणारं नाणंच जास्त दुर्मीळ आहे.

तिसरी पायरी: वजन आणि माप. वजन 8.359 ग्रॅम, व्यास 21.6 मिलिमीटर, सोनं 90 टक्के. म्हणजे शुद्ध सोनं 7.52 ग्रॅम. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. काट्यावर 8.35 किंवा 8.36 दिसायला हवं. चुंबक जवळ न्या, नाणं ओढलं गेलं तर तिथेच थांबा.

चौथी पायरी: पाण्यातलं वजन. सोनं न मोडता, न घासता पारखायची घरगुती रीत हीच. सुट्या नाण्यावरच करा, प्रूफवर नको. काट्यावर लहान प्लास्टिकचा पेला ठेवून अर्ध्याच्या वर पाणी भरा, आरओचं असेल तर उत्तम. आकडा शून्य करा. मऊ दोऱ्याचा सैल फास नाण्याच्या कडेला बसवा आणि नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा पेल्याला टेकणार नाही असं लटकत धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका. हात स्थिर झाला की काट्यावर 0.48 किंवा 0.49 दिसतं, 0.47 ते 0.50 हा फरक काट्याचा समजा. हा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. 8.359 ला त्याने भागलं की साधारण 17 येतं, आणि ती या मिश्र सोन्याची घनता आहे. आत शिसं असतं तर आकडा 0.74 च्या घरात गेला असता, टंगस्टन असतं तर 0.43 पर्यंत उतरला असता. मात्र हीच चाचणी 24 कॅरेटच्या नाण्याला तितकी उपयोगी नाही, कारण शुद्ध सोनं आणि टंगस्टन यांची घनता जवळपास सारखी आहे. नंतर नाणं कापडावर ठेवून पाणी टिपून घ्या. पुसू नका.

पाचवी पायरी: बाहेरची तपासणी. बीआयएसमान्य (भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेल्या) हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, शुद्धता तपासून मिळते. यंत्राला वरचा थरच दिसतो, म्हणून पाण्याची चाचणी आधी. सराफ कस लावतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. कसोटीच्या दगडावर कड घासली की सोनं तेवढंच राहतं, नाण्याची संग्राहकी किंमत मात्र गेली. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखून दर्जा देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या सीलबंद पेटीत नाणं असेल तर पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा. पेट्याही बनावट निघतात.

जपायचं कसं. रिठ्याचं पाणी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यातलं काहीही लावू नका. नाण्यात दहा टक्के इतर धातू आहेत, त्यामुळे लालसर ठिपके येऊ शकतात. ते राहू द्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं की काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो, म्हणून 21.6 मिलिमीटरची कडक कॅप्सूल घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा पाहता सिलिका जेलची पुडी हवीच, आणि ती जून येण्याआधी बदला.

विकायचंच असेल तर. त्या दिवसाचा 24 कॅरेटचा प्रति ग्रॅम भाव गुणिले 7.52, ही किमान किंमत कागदावर लिहून मगच दुकानात शिरा. परदेशी नाण्यावर हॉलमार्क नसतोच, त्या कारणाने भाव पाडू देऊ नका. तपासणीचा अहवाल दाखवा. शक्यतो मुंबईतल्या नाणे प्रदर्शनात किंवा लिलावात विचारा, तिथे ते नाणं म्हणून पाहिलं जातं.

नाणं 24 महिन्यांहून जास्त काळ जवळ असेल तर नफ्यावर 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली कर लागतो. वारशाने किंवा नातेवाइकाकडून भेट आलं असेल तर मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा काळ धरला जातो, म्हणून ते जुनं बिल मागवून घ्या. आणि कोणी आता तिकडून आणणार असेल तर त्याला सांगा: प्रवाशांना मिळणारी सवलत दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. विमानतळावर उतरल्यावर रेड चॅनेलमध्ये जाऊन जाहीर करायचं आणि शुल्काची पावती नाण्यासोबत ठेवायची.