आधी पानाचा क्रमांक, मग जनुक

पानांच्या जनुकांवर काम करायला येणारे बहुतेक जण आधी जनुकांची नावं पाठ करतात. आमच्या मते आधी मोजायला शिकावं.

सुरुवातीला अरॅबिडोप्सिस हे प्रयोगशाळेत नेहमी वापरलं जाणारं छोटं रोप घ्या. ओलं बी २ ते ४ दिवस अंधारात ४ अंश सेल्सिअसला ठेवलं की उगवण एकसारखी होते. पुढे २२ अंश तापमान आणि १६ तास उजेड. मूळ वाण आणि उत्परिवर्तित (एखादं जनुक बदललेली) रोपं एकाच ट्रेमध्ये मिसळून लावा. दाटी झाली तर सावलीमुळे देठ लांबतात आणि तो जनुकाचा परिणाम वाटतो.

एकाच रोपावर पहिली पानं गोल, नंतरची लांबट आणि दंतुर असतात. म्हणून सहाव्या पानाची तुलना सहाव्याशीच करायची. बीजपत्रं (बीमध्येच तयार असलेली जोडी) मोजणीत धरायची नाहीत. पूर्ण वाढलेलं पान चिकटपट्टीनं सपाट लावा, मोजपट्टीसह स्कॅन करा, इमेजजे या चित्रं मोजणाऱ्या संगणक प्रणालीत परिमिती आणि क्षेत्रफळ काढा. परिमितीच्या वर्गाला ४π गुणिले क्षेत्रफळानं भागलं की वर्तुळासाठी १ येतो. कडा जितकी कातरलेली तितका आकडा मोठा. देठ प्रत्येक वेळी त्याच जागी कापला नाही, किंवा स्कॅनचं रिझोल्यूशन बदललं, तर हा आकडा निरर्थक.

तुलनेचा वाणही तपासा. लान्ड्सबर्ग इरेक्टा या अरॅबिडोप्सिसच्या वाणात इरेक्टा जनुक मुळातच बिघडलेलं असतं, त्यामुळे देठ आखूड आणि पानं गोलसर. कोलंबिया या दुसऱ्या वाणातल्या उत्परिवर्तनाची तुलना त्याच्याशी केली, तर दोष भलत्याच जनुकाच्या माथी जातो.

आता यंत्रणा. पिन-१ हे प्रथिन ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक शेंड्यावरच्या एका बिंदूकडे वाहून नेतं. तिथे शेंड्याला कोवळं ठेवणारी नॉक्स गटातली जनुकं बंद होतात आणि पान सुरू होतं. आधीची कोवळी पानं जवळचं ऑक्झिन ओढून घेतात, म्हणून पुढचं पान दूर, आधीच्या पानापासून सुमारे १३७.५ अंशांवर येतं. कडेचे दातेही पिन-१ आणि सीयूसी-२ हे जनुक मिळून घडवतात. सीयूसी-२ गेलं की कड गुळगुळीत होते. त्याला आवर घालणारा सूक्ष्म-आरएनए १६४-ए हा छोटा रेणू गेला की दाते खोल होतात. जवळच्याच नात्यातल्या कार्डामाइन हिर्सुटा या वनस्पतीत नॉक्स पानातही चालू असतात, शिवाय अरॅबिडोप्सिसनं गमावलेलं आरसीओ जनुक तिथे टिकून आहे. म्हणून तिची पानं छोट्या पर्णिकांत विभागलेली. मक्यात एबीफिल-१ बिघडलं की एकाआड एक येणारी पानं समोरासमोर येतात. ते जनुक सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या संदेशवहनातलं आहे, म्हणजे पर्णविन्यास (खोडाभोवतीची पानांची मांडणी) एकट्या ऑक्झिनचा खेळ नाही.

लागोपाठच्या दोन पानांमधला कोन मोजताना एक सापळा हमखास असतो. काही रोपांत पानांचं सर्पिल डावीकडे वळतं, काहींत उजवीकडे. सगळ्यांचे कोन घड्याळाच्या दिशेनं मोजले तर निम्म्यांचे १३७.५ आणि निम्म्यांचे २२२.५ येतात, सरासरी १८०, म्हणजे पानं दोन रांगांत असल्याचा भास. आधी प्रत्येक रोपाची दिशा नोंदवा. पहिली दोन पानं मुळातच जवळजवळ समोरासमोर असतात, ती वगळा. जुन्या पानांचे देठ उजेडाकडे वळतात, म्हणून कोन कोवळ्या पानांचेच घ्या.