थ्री कार्ड पोकर डीलरविरुद्ध कसे खेळावे

थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर तुमच्या शेजारी पाच-सहा जण बसलेले असले, तरी त्यांच्यापैकी कोणीही तुमचा प्रतिस्पर्धी नसतो. प्रत्येकाचा डाव थेट डीलरशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाशी असतो. थाप मारून कोणाला उठवता येत नाही, कारण डीलरला स्वतःच्या मनाने काही ठरवायची मुभाच नसते. पूर्ण डावात निर्णय एकच: पत्ते पाहून पुढे जायचे की सोडून द्यायचे. त्यामुळे खेळ लवकर समजतो. पण तो एक निर्णय लोक अंदाजाने घेतात आणि टेबलावर छापलेला तक्ता न वाचताच बाजूच्या पैजेच्या वर्तुळात चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) ठेवतात. पैसे जातात ते या दोन ठिकाणी. म्हणून नियम भराभर सांगून मी या दोन गोष्टींवर जास्त थांबणार आहे.

हा खेळ डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये तयार केला. कॅसिनोत तो कायदेशीर आहे आणि तुमचे वय त्यात बसते, हे गृहीत धरून पुढे जाऊ.

आधी हातांची प्रतवारी पाठ करा

५२ पत्त्यांचा एक कॅट, जोकर नाही. तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन. या तीन पत्त्यांना मिळून हात म्हणतात. वरून खाली क्रम असा:

- स्ट्रेट फ्लश: लागोपाठचे तीन पत्ते, तेही एकाच रंगाचे. उदाहरणार्थ बदामची सत्ती, अठ्ठी, नव्वी.
- थ्री ऑफ अ काइंड: तीन सारखे पत्ते, जसे तीन गुलाम.
- स्ट्रेट: लागोपाठचे तीन, रंग कोणताही.
- फ्लश: तिन्ही पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे सगळे इस्पिक किंवा सगळे किलवर, क्रम लागलेला नसला तरी चालतो.
- जोडी.
- यातले काहीच नसेल तर सर्वांत मोठा पत्ता.

पाच पत्त्यांच्या पोकरची सवय असलेले लोक इथे हमखास अडखळतात, कारण तिथे फ्लश स्ट्रेटपेक्षा मोठा असतो. तीन पत्त्यांत उलटे होते. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात फ्लश १,०९६ आणि स्ट्रेट फक्त ७२०. जे दुर्मीळ, ते मोठे. तीन सारखे पत्ते ५२ प्रकारे येतात आणि स्ट्रेट फ्लश ४८ प्रकारे. जोड्या ३,७४४ आहेत. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच जुळत नाही, म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन वेळा तुमच्या हातात नुसते सुटे पत्ते असतील. हे आधीच माहीत असले की टेबलावर धीर सुटत नाही.

एक्का दोन्ही टोकांना चालतो: एक्का-राजा-राणी हा सर्वांत मोठा स्ट्रेट आणि एक्का-दुर्री-तिर्री हा सर्वांत लहान. राजा-एक्का-दुर्री मात्र स्ट्रेट होत नाही.

बसण्याआधी टेबल वाचा

टेबलावर एक पाटी असते. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लावता येते ते लिहिलेले असते. हा आकडा ॲन्टीचा, म्हणजे पत्ते वाटण्याआधी लावायच्या रकमेचा असतो. पुढे जायचे ठरवले की ॲन्टीइतकीच रक्कम पुन्हा लावावी लागते, म्हणून पाटीवर १० चिप्स असतील तर एका डावाला २० लागतील असे धरा. खेळायला किती पैसे काढायचे ते टेबलापाशी येण्याआधी ठरवा आणि त्यातून निदान २५-३० ॲन्टी निघतील असेच टेबल निवडा. नाहीतर सुरुवातीचेच दोन-चार डाव वाईट गेले की खेळ संपतो.

पाटी पाहिल्यावर कापडावर छापलेला, कोणत्या हाताला किती मिळते तो तक्ता पाहा. त्याकडे परत येतो.

बसल्यावर पैसे डीलरच्या हातात देऊ नका, समोर टेबलावर ठेवा. वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक व्यवहार दिसावा असा नियम असतो, त्यामुळे डीलर हातातून पैसे घेत नाही. तो नोटा पसरून मोजेल आणि तेवढ्याच्या चिप्स पुढे सरकवेल.

डाव कसा चालतो

तुमच्यासमोर तीन जागा आखलेल्या असतात: पेअर प्लस, ॲन्टी आणि प्ले. पत्ते वाटण्याआधी ॲन्टी लावा. पेअर प्लस, म्हणजे हातात जोडी किंवा वरचे काही येण्यावरची वेगळी पैज, ऐच्छिक आहे. प्लेची जागा आत्ता रिकामी ठेवा. डीलरने वाटायला सुरुवात केली की लावलेल्या चिप्सना हात लावायचा नाही. सरळ करायलाही नाही.

तीन पत्ते आले की ते टेबलाच्या वरच ठेवून पाहा. कडेच्या खाली नेऊ नका, शेजाऱ्याला दाखवू नका. मग ठरवा. पुढे जायचे असेल तर ॲन्टीइतक्याच चिप्स प्लेवर ठेवा. सोडायचे असेल तर पत्ते पालथे पुढे सरकवा, ॲन्टी गेली.

सगळ्यांचे ठरले की डीलर आपले पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा त्याहून मोठे काही असेल तरच त्याचा हात पात्र ठरतो. याला क्वालिफाय होणे म्हणतात. तो पात्र नसेल तर ॲन्टीवर एकास एक मिळते आणि प्लेच्या चिप्स तशाच परत येतात. पात्र असेल तर हात पडताळले जातात: तुमचा मोठा असेल तर ॲन्टी आणि प्ले दोन्हींवर एकास एक, लहान असेल तर दोन्ही गेले, अगदी बरोबरी झाली तर दोन्ही परत.

याशिवाय ॲन्टी बोनस असतो आणि त्यासाठी वेगळे काही लावावे लागत नाही. स्ट्रेटला एकास एक, तीन सारख्यांना एकास चार, स्ट्रेट फ्लशला एकास पाच असा तक्ता बहुतेक ठिकाणी आढळतो. डीलर जिंकला तरी हा बोनस मिळतो. तुमच्या तीन चौक्यांवर डीलरने स्ट्रेट फ्लश उघडला तर ॲन्टी आणि प्ले जातील, पण ॲन्टीच्या चौपट बोनस हातात येईलच.

एक डाव पूर्ण पाहू. ॲन्टी १०, पेअर प्लस १०. तुम्हाला राजा, नव्वी, चौकी आली, तुम्ही प्लेवर १० ठेवल्या. डीलरने गुलाम, दश्शी, छक्की उघडली. तो पात्र नाही. ॲन्टीवर १० मिळाल्या, प्ले परत आले आणि जोडी नसल्यामुळे पेअर प्लसच्या १० गेल्या. हात जिंकूनही तुम्ही जिथे होता तिथेच आहात.

पुढे जायचे कधी: राणी, छक्की, चौकी

नियम एका ओळीत मावतो. राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून मोठा हात असेल तर पुढे जा, लहान असेल तर सोडा.

जोडी किंवा त्याहून वरचे काहीही असेल तर प्रश्नच नाही. एक्का किंवा राजा असेल तरी पुढे जा, बाकीचे दोन पत्ते पाहायची गरज नाही. गुलाम किंवा त्याखालचा पत्ता मोठा असेल तर सोडा. विचार करायचा तो फक्त मोठा पत्ता राणी असताना. तेव्हा दुसरा पत्ता बघा: सत्ती किंवा वर असेल तर जा, पंजी किंवा खाली असेल तर सोडा. तो छक्की असेल तरच तिसरा पत्ता बघा: चौकी किंवा पंजी असेल तर जा, तिर्री किंवा दुर्री असेल तर सोडा.

रेघ नेमकी इथेच का, ते गणितातून कळते. डीलर साधारण १०० पैकी ३० वेळा पात्र ठरत नाही आणि ७० वेळा ठरतो. तुमच्याकडे मोठा पत्ता गुलाम आहे आणि तुम्ही तसेच पुढे गेलात असे समजा. त्या ३० वेळा तुम्हाला एक-एक ॲन्टी मिळते, म्हणजे ३० जमा. उरलेल्या ७० वेळा डीलरकडे निदान राणी आहेच, तुम्ही प्रत्येक वेळी हरता आणि दोन-दोन ॲन्टी जातात, म्हणजे १४० वजा. शंभर डावांत ११० ॲन्टींचे नुकसान. तेच शंभर हात सोडून दिले असते तर १०० च गेल्या असत्या. सोडणे स्वस्त. हातात राणी आली की डीलरच्या काही लहान राणीच्या हातांना तुम्ही हरवू लागता आणि हे नुकसान कमी होत जाते. राणी-छक्की-चौकीला ते जेमतेम १०० च्या खाली येते, राणी-छक्की-तिर्रीला अजून वर असते.

म्हणून सोडलेल्या हातांबद्दल हळहळू नका. असा खेळ केला तर तीनपैकी जवळजवळ एक हात सोडावा लागतो. डीलर पात्र न ठरता गुलामावर अडकला की शेजारी म्हणेल, ‘उगीच सोडलंत!’ तरी पुढच्या वेळी तसाच हात आला तर तो सोडाच.

हा खेळ किती महाग पडतो

असे काटेकोर खेळूनही कॅसिनोचा वाटा, म्हणजे सरासरी त्याच्याकडे जाणारी रक्कम, ॲन्टीच्या ३.३७ टक्के राहतो. तो येतो कुठून? तुम्हाला डीलरच्या आधी ठरवावे लागते. तुम्ही सोडलेल्या हातांपैकी काही वेळा डीलर पात्रच नसतो, पण तुमची ॲन्टी तोवर गेलेली असते. कुठल्याही राणीवर पुढे गेलात तर हा वाटा ३.४५ टक्के होतो, म्हणजे फारसा फरक नाही. पत्ते न पाहताच दर वेळी पुढे गेलात तर मात्र तो ७.६५ टक्क्यांवर जातो. ॲन्टी बोनसचा तक्ता (स्ट्रेट फ्लश, तीन सारखे, स्ट्रेट या क्रमाने) ५-४-१ ऐवजी ४-३-१ असेल तर ३.३७ चे सुमारे ३.८ होतात.

आता पेअर प्लस. यात डीलरशी संबंध नाही; तुमच्या हातात जोडी किंवा त्याहून वरचे काही आले की पैसे मिळतात. जुना तक्ता असा: जोडीला १, फ्लशला ४, स्ट्रेटला ६, तीन सारख्यांना ३०, स्ट्रेट फ्लशला ४०. यात कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के, म्हणजे ॲन्टीपेक्षाही कमी. पण पुष्कळ टेबलांवर फ्लशला ४ ऐवजी ३ छापलेले असतात. बाकी सगळे तेच, बदल फक्त एका आकड्याचा, आणि वाटा थेट ७.२८ टक्के. फ्लश स्ट्रेटपेक्षा जास्त वेळा येतो, म्हणून त्याच्यावरची कपात इतकी जाणवते. मला हा खेळ आवडतो, आणि म्हणूनच कळकळीने सांगतो: फ्लशसमोर ३ दिसला तर पेअर प्लसची जागा रिकामी ठेवा.

चिप्समध्ये मोजून पाहू. दहा-दहाचे ५० डाव खेळलात तर ॲन्टीवर एकूण ५०० लागल्या. त्यांवर सरासरी नुकसान सुमारे १७ चिप्स. त्याच ५० डावांत पेअर प्लसवरही दहा-दहा लावल्या, तर जुन्या तक्त्यावर आणखी १२ जातील आणि नव्यावर ३६. ही सरासरी आहे. एखाद्या संध्याकाळी तुम्ही याच्या कितीतरी वर किंवा खाली असू शकता. पण कितीही नीट खेळलात तरी वाटा शून्यावर येत नाही, म्हणून घर चालवायचे किंवा उसने घेतलेले पैसे या टेबलावर आणू नका.

काही टेबलांवर सिक्स कार्ड बोनस नावाची चौथी जागा असते. तुमचे तीन आणि डीलरचे तीन मिळून सहा पत्त्यांतून पाच पत्त्यांचा चांगला हात झाला तर तिथे पैसे मिळतात. नवशिक्याने ती सोडून द्यावी.

उठताना

ठरवलेली रक्कम संपली किंवा ठरवलेली वेळ झाली की एक डाव संपून दुसरा सुरू होण्याआधी थांबा. उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवून डीलरला मोठ्या चिप्स द्यायला सांगा. तो त्या मोजून बदलून देईल. मग त्या घेऊन कॅशियरच्या खिडकीकडे जा. टेबलावर चिप्सचे रोख पैसे मिळत नाहीत.