स्तनातली गाठ गोल दिसली, म्हणून निर्धास्त होऊ नका

कॅन्सरची गाठ म्हणजे वेडीवाकडी, काटे फुटलेली, हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे सोनोग्राफीत गोल, गुळगुळीत कडेची गाठ दिसली की ‘फायब्रोअडिनोमा’ (कॅन्सर नसलेली साधी गाठ) लिहून मोकळं व्हायचा डॉक्टरला मोह होतो. जिवावर बेतणारी चूक इथेच होते. काटेरी कड आणि गाठीमागे काळी सावली हे रूप बहुतेकदा हळू वाढणाऱ्या, हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या) कॅन्सरचं. ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) भराभर वाढतो, भोवती तंतू फारसे धरत नाहीत, म्हणून कड गोलसर राहते. आत पेशी दाटीवाटीने आणि मधे बरेचदा कुजलेला भाग. त्यामुळे गाठीमागे सावलीऐवजी उजळपणा दिसतो, पाण्याच्या गाठीमागे दिसतो तसाच. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे कणही बहुधा नसतात.

म्हणून प्रोब फिरवून कड सगळीकडून तपासा. कुठे पुसट आहे का? बारीक फुगवटे आहेत का? गाठ आडवी आहे की उभी? गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलरही लावा. गाठ नवी असेल, वाढत असेल किंवा बाईला बीआरसीए-१ या जनुकाचा, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असेल, तर ‘सहा महिन्यांनी या’ म्हणू नका, बायोप्सी करा. बाय-रॅड्स ३ (‘बहुधा साधी गाठ, काही महिन्यांनी पुन्हा बघू’) हा शेरा कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपलीकडे नसेल तेव्हाच द्यायचा असतो.

लोब्युलर (दूधग्रंथींतून निघणाऱ्या) कॅन्सरचं उलटं. पेशींना एकमेकींशी बांधणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन नसल्याने त्या एका रांगेत पसरतात आणि ठळक गाठ बरेचदा होतच नाही. मॅमोग्राफीत नुसती ऊतींची ओढाताण दिसते, तीही कधीकधी एकाच व्ह्यूमध्ये (एकाच कोनातून घेतलेल्या चित्रात). हाताला कडकपणा लागत असेल तर ‘मॅमोग्राफी नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नका. सोनोग्राफी करा, आणि ऑपरेशनआधी खरा पसारा कळायला एमआरआय.

हर-२ हे प्रथिन जास्त असलेल्या, म्हणजे हर-२ पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये फांद्या फुटल्यासारखे बारीक कॅल्शियमचे कण बरेचदा सापडतात. मॅग्निफिकेशन व्ह्यू (तेवढाच भाग मोठा करून काढलेलं चित्र) घेतल्याशिवाय त्यांचा आकार ठरवू नका.

लालसर, सुजलेला स्तन अँटिबायोटिकने एक-दोन आठवड्यांत उतरला नाही, तर तो संसर्ग नसून कॅन्सरही असू शकतो; दुसरा कोर्स लिहिण्याआधी इमेजिंग आणि त्वचेसकट बायोप्सी.

चित्रावरून उपप्रकाराचा अंदाज येतो, निदान होत नाही. त्यासाठी साध्या सुईची एफएनएसी (बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणं) पुरत नाही. १४ गेजच्या कोअर सुईने तुकडे घ्या, तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका आणि ६ ते ७२ तास ठेवा. यात हयगय झाली तर ईआर, पीआर या हार्मोन रिसेप्टरच्या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. हर-२ ‘२+’, म्हणजे अनिश्चित आला, तर हर-२ च्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी मागा. रिपोर्ट ‘साधी गाठ’ म्हणतो आणि चित्र संशयास्पद आहे, असं असेल तर बायोप्सी पुन्हा करा.